जुम्म्याची बाजरी

पोतं पुढं, बायको मागं आणि मधे आपण, अशी मोहियोद्दीनची वरात दरसाल याच दिवसांत नेवाशातून निघायची. गाडी म्हणजे जुनी मोपेड. दुकानातले कापसाचे गठ्ठे आणि भरलेल्या गाद्या वाहून तिची कंबर केव्हाच गेलेली. त्यात आज पायाशी बाजरीचं पोतं आणि मागं मुबारकबी. मुबारकबी अंगानं काही लहान नव्हती आणि बोलण्यात तर मुळीच कमी नव्हती. घरात दोघांची आपली दखनी चालायची, पण भांडण मात्र मराठीतच व्हायचं, कारण त्याला दोघांच्याही मते मराठीच बरी पडायची.

"हळू," मुबारकबी म्हणाली.

"याच्यापेक्षा हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल."

"मग ढकला. मला कुठं कचेरीत जायचंय."

मोहियोद्दीनने वेग आणखी कमी केला. एकेकाळी त्याने या 'हळू'ची खूप टर उडवली होती. हारिस गेल्यापासून तो काही बोलत नसे. त्यांचा हा एकुलता एक मुलगा सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. रात्रपाळी करून मोटारसायकलवर परत येताना पुणे रस्त्यावर त्याला एका ट्रकने उडवलं. तेव्हापासून मुबारकबी गाडीवर बसली की हा एकच शब्द बोलायची आणि मोहियोद्दीन तो मुकाट्याने ऐकायचा.

शब-ए-बरात होऊन गेली होती, रमझान तोंडावर आला होता. सकाळी अंगावर शाल लागत होती, पण ऊन थोडं वर आलं की पाठ भाजायची. बांधावरचे पळस फुलले होते. गहू पिवळा पडायला लागला होता आणि उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची वाट लावली होती. धरणाचं पाणी आता मागं सरत असेल, गाळ उघडा पडला असेल, आणि त्या गाळावर हारिसचं पाखरू चरत असेल. मुबारकबीच्या मांडीवर हारिसची दुर्बीण होती. ती जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळून तिने दोन्ही हातांनी धरली होती.

हे पाखरू म्हणजे पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला मोठा, राखाडी हंस. हा शब्द जिभेवर बसवायला मोहियोद्दीनला एक हिवाळा लागला होता. मुबारकबीने तेवढीही तसदी घेतली नव्हती. ती सरळ 'हारिसचा हंस' म्हणायची. असे हंस थंडीत हिमालय ओलांडून शेकड्यांनी येतात, पण या एकाच्या गळ्यात हिरवं प्लास्टिकचं कडं होतं आणि त्यावर पांढरी अक्षरं होती. कुठल्या तरी परमुलखातल्या लोकांनी ते घातलेलं. हारिसला सुट्टीच्या दिवशी पाखरं बघायचा नाद होता. त्याने एका हिवाळ्यात या हंसाचा फोटो काढून कुठं कुठं पाठवला, तर मंगोलियातून उत्तर आलं की हो, हा आमच्याकडचाच. त्या दिवशी हारिस घरात नाचायचाच बाकी होता. "अब्बा, माझं पाखरू पासपोर्ट घेऊन आलंय," असं तो सगळ्या गल्लीला सांगत फिरला.

तो गेला त्याच वर्षी, थंडी संपता संपता, त्याच्या पाखरंवाल्या दोस्तांपैकी सुकन्या नावाच्या मुलीचा नगरहून फोन आला. काका, हारिसचा पट्टकादंब परत आलाय, तुम्हाला बघायचाय का? मोहियोद्दीनला काही सुचलं नाही. मुबारकबी मात्र चप्पल घालून दारात उभी राहिली. त्या दिवशी तिच्या पिशवीत दर्ग्यावरच्या कबुतरांसाठी घेतलेली बाजरी होती. तळ्याकाठी एका काळ्या खडकाजवळ हिरव्या कड्याचा हंस दिसला आणि तिने, कुणाला न विचारता, मूठभर बाजरी खडकावर टाकली. पाखरांना दाणा घालायचा आणि त्याचा सवाब, म्हणजे पुण्य, गेलेल्या माणसाच्या नावानं मागायचा, हे ती लहानपणापासून करत आली होती. हंस लगेच आला नाही. माणसं लांब गेल्यावर मात्र आला, मान खाली घातली आणि दाणे टिपले. मुबारकबी तिथेच गाळात बसून रडली. पोरगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

सुकन्या तेव्हा संकोचत म्हणाली होती, की काकू, रानपाखरांना खायला घालू नये. मोहियोद्दीनने मान हलवली आणि सोडून दिलं. त्याला ते नवीन नव्हतं. हारिसने एकदा त्याला इथे आणलं होतं तेव्हा त्यानेही भाकरीचा तुकडा पाखरांकडे फेकायला हात उचलला होता, आणि हारिसने तो हात धरला होता. "नको अब्बा. त्यांनी आपल्याला भ्यायलाच पाहिजे." पोराचं हे बोलणं त्याला चांगलं आठवत होतं. पण बायकोचं रडणं त्याने त्याहून जवळून पाहिलं होतं, आणि त्याने त्या रडण्याच्या बाजूने कौल दिला.

पुढच्या वर्षापासून तर त्याने रीतसर व्यवस्थाच लावली. खडकाच्या लगत गोरक्षनाथची गाळपेर होती. म्हणजे पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या गाळात तो हरभरा करायचा. भला माणूस. मोहियोद्दीनने त्याच्या वस्तीवर बाजरीचं पोतं ठेवलं आणि विनंती केली, की थंडीभर दर जुम्म्याला सकाळी तेवढी पायलीभर खडकावर टाकत जा. गोरक्षनाथने पोतं घेतलं आणि एकही शुक्रवार चुकवला नाही. दरसाल नेलेलं पोतं पुढच्या थंडीला पुरायचं. सगळ्या काठाला ते माहीत झालं. आज पाखरांची पंगत, म्हणून लोक हसायचे.

यंदाही थंडी पडताच त्याचा फोन आला होता, की भाई, आलंय तुमचं पाखरू. पण दरवर्षीप्रमाणे लग्नसराई होती. गाद्यांच्या ऑर्डरी सोडून मोहियोद्दीनला निघता आलं नाही. मग हा रविवार ठरला. आता आणखी उशीर केला तर हंस उत्तरेला निघून गेले असते आणि मुबारकबीने वर्षभर त्याला सुखानं जेवू दिलं नसतं.

गोरक्षनाथ फाट्यावर उभा होता. दरवर्षी तो लांबूनच हात करायचा आणि मोपेडवरचं ओझं बघून काहीतरी खवचट बोलायचा. आज त्याने नुसती मान हलवली.

"बरं नाही का?" मोहियोद्दीनने विचारलं.

"बरं हाय की."

"मग चला खडकावर."

"खडकावर सांच्याला जाऊ," गोरक्षनाथ म्हणाला. "आत्ता तिकडं पान्याच्या मोटारींचा लई कालवा हाय. आज पलीकडच्या अंगानं घिऊन जातो तुमाला. रोहित आलेत, ती गुलाबी पाखरं. भाभींनी बघितले न्हाईत कवा."

"मला कशाला रोहित?" मुबारकबी म्हणाली. "मला आमचा दाखवा म्हणजे झालं."

"दाखवतो की," तो जमिनीकडे बघत म्हणाला, आणि पुढे चालायला लागला.

मोपेड त्याच्या ओळखीच्या टपरीपाशी पोत्यासकट ठेवली आणि तिघं काठाकाठानं निघाले. पाणी खूप मागं गेलं होतं. चिखलाला भेगा पडलेल्या, त्यातून पंपांचे पाइप साप पडल्यासारखे लांबवर गेलेले. एका ठिकाणी शहरातून आलेली मंडळी तोफांसारखे कॅमेरे लावून बसली होती. त्यातल्या टोपीवाल्या गृहस्थाने मुबारकबीच्या हातातली दुर्बीण पाहिली आणि आदराने विचारलं, "मावशी, काय काय दिसलं?"

"अजून काही नाही," मुबारकबी म्हणाली.

समोर पाण्यावर हजारभर पाखरं असतील. टोपीवाला गोंधळून पाण्याकडे बघत राहिला.

तिचं म्हणणं तिच्या परीने खरं होतं. मुबारकबीला पाखरं बघताच येत नव्हती. दुर्बीण डोळ्याला लावून ती फक्त माना बघायची. रोहित दिसले, पाण्यात गुलाबी रांग लावून उभे. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माना तपासल्या आणि दुर्बीण खाली केली. हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरले होते. केवढी डौलदार पाखरं, मोहियोद्दीनसुद्धा बघत उभा राहिला. तिने माना पाहिल्या, काळ्या निघाल्या, संपलं. लांब पायांचे शेकाटे, चोचीनं चिखल ढवळणारे चमचे, सोनेरी चक्रवाक, कशाचंच तिला काही नव्हतं. पोराच्या शाळेच्या गर्दीत आई कशी दुसऱ्याची पोरं बाजूला करत पुढे जाते, तशी ती त्या अख्ख्या तळ्यातून पुढे चालली होती.

आणि गोरक्षनाथ दाखवतच होता. एरवी तो या पाखरांना हरभऱ्याची चोरटी म्हणून शिव्या घालायचा. आज मात्र हे बघा, ते बघा, तिकडं बेटावर सुरय बसलेत, असं त्याचं चाललं होतं. दुपार झाली. बाभळीखाली बसून त्यांनी भाकरी खाल्ली. मुबारकबीने खास त्याच्यासाठी शेंगदाण्याची पोळी आणली होती. त्याने एक घास तोडला आणि उरलेली हातातच धरून बसला.

"गोरक्षनाथ, तो आहे ना यंदा?" मुबारकबीने सरळच विचारलं.

"मी फोन केल्ता ना भाभी. आल्ता तवाच केल्ता."

"तसं नाही. आता आहे ना? गेला तर नाही?"

"बाकीची हायेत अजून," तो म्हणाला.

हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मोहियोद्दीनच्या ते लक्षात आलं. पण विचारायची हिंमत झाली नाही. माणूस वाईट बातमीच्या दारात आला की दार वाजवायच्या आधी इकडंतिकडं बघतो, तसा तो पाण्याकडे बघत बसला. असेल कुठेतरी, एवढ्या मोठ्या तळ्यात एक पाखरू लगेच थोडंच सापडतं, असं त्याने स्वतःला समजावलं.

ऊन कलल्यावर मुबारकबी उठली. आता तिला ना रोहित चालणार होते ना सुरय. "मी चालले खडकावर. पोतं आणा," एवढं बोलून ती तरातरा निघालीसुद्धा. पायात गोळे येतात म्हणून घरात जिना न चढणारी बाई गाळातून अशी चालली की दोघं पुरुष मागं पडले. मोहियोद्दीनने टपरीवरून पोतं खांद्यावर आणलं आणि खडकाशी उतरवलं.

खडक मोकळा होता. पण लांब, पाण्याच्या कडेला, हंसांचा एक थवा बसलेला दिसत होता. मुबारकबीचा चेहरा उजळला.

"तुम्ही नमाज पढून या," ती म्हणाली. "तोवर मी दाणे टाकते. दाणे टाकले की तो येतोच."

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची वेळ झाली होती. वजूला, हातपाय-तोंड धुवायला, पाणी हवं म्हणून मोहियोद्दीन गोरक्षनाथच्या वस्तीकडे वळला. वस्ती जवळच, उंचवट्यावर होती.

"भाई, तुमी बसा, पानी मी आनतो," गोरक्षनाथ घाईघाईने म्हणाला.

"अरे, चार पावलं तर आहेत."

"बसा म्हनतो ना मी."

पण मोहियोद्दीन चालायला लागला होता. गोरक्षनाथ मागून आला, पण त्याची पावलं जड पडत होती.

अंगणात गोरक्षनाथची बायको मनकर्णा गवऱ्या रचत होती. तिने पदर सारखा केला, तांब्या भरून आणला, भाभी आल्या नाहीत का म्हणून विचारलं. एवढ्यात गोठ्यातून एक करडू उड्या मारत आलं आणि मोहियोद्दीनच्या गुडघ्याला ढुशी देऊ लागलं. त्याने हसून त्याचं डोकं खाजवायला हात खाली नेला. करडाच्या गळ्यात सुतळी होती आणि सुतळीत ओवलेलं हिरवं कडं.

कड्यावर पांढरी अक्षरं होती. उभी काठी, तिला दोन फांद्या, आणि पुढे आकडे. हारिसच्या फोनवर, दुकानातल्या आरशाला चिकटवलेल्या फोटोत, मोहियोद्दीनने ती इतक्यांदा पाहिली होती की अंधारात बोटानं काढून दाखवली असती.

"ते व्हय?" मनकर्णा म्हणाली. "ह्यांनी आढ्याला खोचून ठिवलं हुतं. करडाला बरं दिसंल म्हनून मीच घातलं परवा. का वो, कामाचं हाय का?"

गोरक्षनाथ अंगणाच्या कडेला उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"सांग," मोहियोद्दीन म्हणाला.

"सकाळधरनं सांगतोच हाय," गोरक्षनाथ म्हणाला, "पन तोंडातनं निघंना."

मग त्याने सांगितलं. मागल्या महिन्यातली गोष्ट. कुठली तरी परकी माणसं होती, गाडी घेऊन आलेली. जुम्म्याला खडकावर दाणे पडतात हे त्यांनी काठावर ऐकलं असणार. गुरुवारी रात्री त्यांनी येऊन खडकावर बाजरी टाकली. औषध कालवलेली.

"शुक्रवारी सकाळी मी पोतं घिऊन आलो तर दाणे आधीच पडलेले. मला वाटलं, हिनंच टाकले. आसंल म्हनलं. पाखरं उतरलेली, खात हुती. मी उभं ऱ्हाऊन बघत हुतो, भाई. मला बरं वाटत हुतं बघाया. मंग एक कलंडलं. मंग दुसरं."

करडू मोहियोद्दीनच्या हाताला चाटत होतं.

"ती मान्सं बाभळीत बसली हुती. आली आन पोत्यात भराया लागली. मी आडवा गेलो तर एकजन हसला. म्हनला, बाबा, तुमचे लई उपकार हायेत. ही जात हाताला लागत न्हाई, तुमीच माणसाळवली." गोरक्षनाथचा आवाज चिरकला. "तुमचा हंस त्यांच्या पोत्यात न्हाई गेला. तो उडाला हुता जरासा, पन माज्या हरभऱ्यात पडला. मी गेलो तर माज्याकडं चालत आला. पाय वाकडं पडत हुतं, तरी चालत आला. मला दाण्याचं मानूस म्हनून वळखीत हुता ना. माज्या पायापाशी येऊन पडला."

"पुरलास?"

"पुरला. हरभऱ्याच्या टोकाला. कडं तेवढं काढलं. तुमाला द्यावं म्हनलं. मंग वाटलं, कशाला द्यावं. भाभींना काय सांगनार." त्याने टोपीने डोळे पुसले. "तवापासनं मी एक दाना टाकला न्हाई तिकडं. तुमचं पोतं तसंच हाय बगा कोपऱ्यात. पन उरलेली पाखरं अजून येत्यात. सकाळ-संध्याकाळ खडकापाशी येऊन बसत्यात. त्यांना काय कळतंय."

मनकर्णा गवरी हातात धरून तशीच उभी राहिली होती. तिने करडाला ओढून घेतलं, सुतळी सोडली आणि कडं मोहियोद्दीनच्या हातावर ठेवलं. ते अगदी हलकं होतं. एवढे डोंगर ओलांडून आलेलं आणि हातावर काही ठेवलंय हेसुद्धा कळू नये इतकं हलकं.

मोहियोद्दीनला पहिल्यांदा त्या माणसांचा राग आला, पण तो राग टिकला नाही. त्यांना मोहियोद्दीनने कधी पाहिलं नव्हतं, पुढेही ती दिसणार नव्हती. त्याला दिसत होता तो त्याचा स्वतःचा हात, भाकरीचा तुकडा धरलेला, आणि मनगटाला पकडलेली हारिसची बोटं. पोराने सांगितलं होतं. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. आणि पोराची आठवण काढायची म्हणून आपण नेमकं तेच केलं, जे पोराने करू नका म्हणून हात धरला होता. दर जुम्म्याला, न चुकता, त्याच्या नावाने. त्या माणसांना फक्त औषध तेवढं आणावं लागलं.

खालून आवाज आला. "आ, आ, आ." कोंबड्यांना बोलवावं तशी मुबारकबी बोलवत होती.

मोहियोद्दीनने वळून पाहिलं. खडकावर बाजरीचा सडा पडला होता. ती पदर खोचून, पोत्यात हात घालून, फेकत होती, आणि पाण्याच्या कडेचा थवा उठून तिच्याकडे येत होता. हंस डोक्यावरून एक वळसा घालून पाय पुढे काढत खडकावर उतरायला लागले. ती त्यांच्या माना बघत होती. एकेक मान बघून पुढच्याकडे वळत होती. तिच्या चेहऱ्यावर अजून सकाळचीच आशा होती.

मोहियोद्दीन धावत सुटला. तांब्या कुठं पडला ते त्याला कळलं नाही. साठीला आलेला, गाद्यांचा कापूस पिंजून तोच छातीत भरलेला माणूस, हरभऱ्यातून, गाळातून, चपला चिखलात सोडून धावला. धावता धावता त्याने ढेकूळ उचललं आणि जीव खाऊन पाखरांवर फेकलं.

हंस भराभर उडाले. त्याने दुसरं फेकलं, तिसरं फेकलं. तोंडाने तो काय ओरडत होता त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

"अवो, काय झालं तुम्हाला? डोकं फिरलं का?" मुबारकबीने त्याचा दंड धरला. "आत्ता तर आले होते. तो त्यांच्यात असेल. पोराच्या नावाचे दाणे आहेत ते, पोराच्या नावाचे."

मोहियोद्दीनला दम लागला होता, बोलता येईना. त्याने नुसती मूठ उघडली.

मुबारकबीला वाचता येत नव्हतं. पण उभी काठी आणि तिला दोन फांद्या, हे एक अक्षर तिला येत होतं. तिने कडं हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. आतून बोट घालून पाहिलं, जणू मान अजून त्यात असेल.

"कुणी?" तिने विचारलं.

त्याला त्या माणसांबद्दल सांगता आलं असतं. गाडी, रात्र, औषध, पोती. त्याने ते सगळं सांगितलं, पण शेवटून सुरुवात केली. "आपल्या बाजरीनं गेला. दर जुम्म्याला दाणे मिळतात म्हणून इथं यायला शिकला. मग कुणीतरी तशाच बाजरीत औषध कालवलं."

ती ऐकत राहिली. ती आता ओरडेल, छाती बडवेल, त्याला बोल लावेल असं त्याला वाटलं. बोल लावला असता तर बरंच झालं असतं. मुबारकबी त्या सांडलेल्या बाजरीकडे बघत होती.

"हे कुणाच्या नावावर लिहिलं जाईल?" ती म्हणाली.

"काय?"

"दाणे हारिसच्या नावाचे होते. आपण दर वेळी तसंच म्हणायचो, या अल्ला, हे हारिसच्या नावावर घे. मग ही मेलेली पाखरं कुणाच्या नावावर गेली? पोराच्याच का?"

याचं उत्तर मशिदीतल्या मौलवींकडे असेल, किंवा नसेल. पोरगा गेला तेव्हाही मोहियोद्दीन इतका रिकामा झाला नव्हता. तेव्हा निदान पोरासाठी करायला काहीतरी उरलं होतं, दाणे टाकायचे उरले होते.

तो गुडघ्यांवर बसला आणि खडकावरची बाजरी गोळा करायला लागला. कापसातली सरकी निवडणारी त्याची बोटं, पण बाजरीचा दाणा बारीक आणि खडकाला भेगा फार. मूठभर गोळा केली तोवर चार मुठी गाळात गेलेल्या दिसल्या. हे काम आज संपणारं नव्हतं, उद्याही नव्हतं. मुबारकबीने पोत्याचं तोंड आवळून गाठ मारली. गोरक्षनाथ खाली आला होता आणि तोही ओणवा होऊन दाणे वेचू लागला.

थोड्या वेळाने पंखांचा आवाज झाला. वर गेलेल्या थव्यातून एक हंस परत फिरला होता. तो खडकाच्या कडेला उतरला, पंख मिटले आणि तिघांकडे बघत उभा राहिला. त्याच्या गळ्यात काही नव्हतं. नुसती मान, आणि डोक्यावर दोन काळे पट्टे.

"हड," मोहियोद्दीन म्हणाला.

हंस हलला नाही. उलट दोन पावलं पुढे आला.

गोरक्षनाथने हात उगारला आणि तसाच खाली घेतला. "माज्यानं न्हाई व्हायचं, भाई," तो म्हणाला.

मग मुबारकबी वाकली. कडं तिने मनगटावर चढवायचा प्रयत्न केला होता, ते बोटांच्या पेरांशी अडकून राहिलं होतं. त्याच हाताने तिने गाळातलं ढेकूळ उचललं आणि फेकलं. तिला कधी कुणाला मारायची सवय नव्हती. ढेकूळ जेमतेम हंसाच्या पुढ्यात पडलं आणि फुटलं.

हंसाने मान खाली घातली आणि त्या फुटलेल्या मातीत दाणे आहेत का ते चोचीने शोधायला लागला.

"मोठं घ्या," मुबारकबी नवऱ्याला म्हणाली. "लागलं पाहिजे त्याला." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

मोहियोद्दीनने दगड उचलला.